काकाच्या मृदंगाचा माइक

मी हात उचलणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की पुस्तकात साधुसंत झालाय, वाडीत जाऊन विचारा. आमच्या घरात हा रोग वंशपरंपरेनं चालत आलाय. बाप चिरेखाणीवर जांभा दगड तोडायचा. दिवसभर टिकाव मारून आलेला माणूस संध्याकाळी हात आवरून बसेल, ही अपेक्षाच चूक. त्यानं मला चपलेनं मारलंय, फोकानं मारलंय, एकदा तर चुलीतलं पेटतं लाकूड काढून मारलंय. मी वाढलो तसा मग दुसऱ्यांना मारायला लागलो. शाळेत एकाचा दात पाडला, एसटी स्टँडवर एकाची कॉलर फाडली, आणि दोन्ही वेळा घरी येऊन पोटभर जेवलो.

आमच्यात न मारणारा एकच, माझा काका. बापाचा धाकटा भाऊ. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. पलीकडे तो आणि काकू, मूलबाळ नाही. काका हापूसच्या बागेत राखणीला होता. कमरेच्या आकडीला कोयती अडकवून दिवसभर कलमांतून फिरायचा. त्याला जे काही मारायचं असेल ते तो मृदंगावर मारायचा. मला मृदंगावर हात ठेवायला त्यानंच शिकवलं, मांडीवर बसवून. चुकलो म्हणून कधी टपलीसुद्धा मारली नाही. "परत," एवढंच म्हणायचा.

आमच्या वाडीचं जाखडीचं मंडळ होतं. ज्यानं जाखडी पाहिली नसेल त्याच्यासाठी सांगतो. मध्ये शाहीर, मृदंगी, झांजवाला आणि झीलकरी बसतात. झीलकरी म्हणजे शाहिराची ओळ उचलून मागून गाणारे. या सगळ्यांच्या भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरत नाचतात. शाहीर माझा बाप, मृदंगी काका. झीलकऱ्यांत पहिला बसायचा तो वाडीचा गावकर. या माणसाला सूर कशाशी खातात ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण गावकर म्हणजे पहिल्या मानाचा. शिमग्यात पालखीला पहिला खांदा त्याचा, पूजेला पहिला नारळ त्याचा. त्याच्याशिवाय आमच्या वाडीत पान हलत नाही, आणि हललंच तर ज्याच्या झाडाचं हललं त्याला बैठकीत बोलावतात.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या चाकरमान्यांनी मंडळाला एक टेपरेकॉर्डर दिला आणि आम्ही आमची पहिली कॅसेट भरली. मशीनला आतल्या आत एकच माइक, वाटाण्याएवढा. त्याच्या जवळ जो बसेल तो मोठा ऐकू येणार. झालं! पहिल्या गाण्यालाच पडवीत रेटारेटी. गावकर मशीनच्या नाकाशी. बापानं एकदा ऐकून बघितलं आणि म्हणाला, "मृदंग माझ्या आवाजावर चढतोय. तू लांब बस." काका पायरीवर जाऊन बसला. परत ऐकलं. "अजून लांब." काका खाली अंगणात, खळ्यात. परत ऐकलं. "अजून." काका पार कुंपणाच्या गडग्याला टेकला, उन्हात. तिथून तो एवढंच म्हणाला, "दादा, मला तुझं तोंड दिसत नाय रे. थाप कशी मारू?"

बाप उठला. खळं ओलांडून गेला आणि सगळ्या मंडळासमोर त्याच्या अशी मुस्काटात ठेवून दिली की काकाची टोपी गडग्यापलीकडे गेली. नाकातून रक्त आलं, मृदंगाच्या शाईवर थेंब पडले. काकानं पंच्यानं आधी मृदंग पुसला, मग नाक. आणि वाजवलं.

ती कॅसेट नंतर गावोगाव फिरली. तिच्यात मृदंग कसा ऐकू येतो सांगू? शेजारच्या घरात कुणीतरी भात कांडतंय असा. काकाकडे टेप नव्हता, म्हणून तो आमच्याकडे ऐकायला आला. भिंतीला टेकून दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला विचारलं, "मी हाय का रे ह्याच्यात?"

मी तेव्हा सोळा वर्षांचा. बाहेर जाऊन फणसाच्या बुंध्यावर बुक्के मारले, बोटांची सालटी निघाली. मग परत आलो आणि म्हणालो, "काका, एक दिवस मी तुझा मृदंग असा भरीन की शाहीर बाजूला राहील आणि लोक विचारतील, हा वाजवणारा कोण." काका हसला. पण तो शब्द त्यानं लक्षात ठेवला. मी रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हापासून दर गणपतीत तो हळूच विचारायचा, "तुझ्या त्या मशीनचं काय झालं?" त्याला आयुष्यात दुसरं काहीच नको होतं. एकदा स्वतःचा हात ऐकायचा होता, बस.

दोन हजारनंतर चार-पाच वर्षांत घरच्या घरी कॉम्प्युटरवर गाणं भरायचे दिवस आले. दुकानातल्या सुट्या भागांतून मी एक कॉम्प्युटर जोडला. आता हवी होती ती पेटी, जिच्यात माइक लावायचे आणि जी ते आवाज कॉम्प्युटरला देते. ऑडिओ इंटरफेस म्हणतात तिला. शहरात माझ्या ओळखीचा एक कीबोर्डवाला होता. बौद्धवाडीतला, घरात भीमगीतं भरायचा, माणूस डोक्यानं थंड. त्याच्याकडे दोन इनपुटची पेटी होती. तो म्हणाला, "तुला कशाला मोठी हवी? मी बघ, आधी ठेका भरतो, मग कीबोर्ड, मग आवाज. एकेक करून सगळं होतं." मी त्याची पेटी दोन दिवस मागून आणली.

काकाला खोलीत एकटा बसवला, कानावर हेडफोन दिला, त्यात बापाचं आधी भरलेलं गाणं सोडलं. म्हटलं, वाजव. काका वाजवेना. डोळे मिटून बसला, एक थाप मारली, थांबला. "ह्याचं तोंड कुठाय?" म्हणाला. "शाहीर श्वास घेतो तो मला दिसतो, मग माझा हात पडतो. आणि पोरांचे पाय कुठायत?" तासभर झगडलो. शेवटी माझीच सटकली, हेडफोन भिंतीवर आपटला, त्याचा एक कान तुटला. तो कीबोर्डवाल्याला भरून द्यावा लागला ते वेगळंच. पण एक कळलं. जाखडी सुटी करून भरता येत नाही. सगळे एकदम बसणार, एकदम गाणार, आणि तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा पकडायला हवा. म्हणजे पुष्कळ इनपुटची पेटी हवी.

कीबोर्डवाल्यानं तुटका हेडफोन बघितला आणि बाजूला ठेवला. मी निघताना सांगितलं, "घेशील तेव्हा आकड्याला भुलू नको. पेटीवर आठ लिहिलेलं असतं, पण आठांतले माइकचे किती ते विचार. तेवढंच विचार."

तेवढंच विचारायचं होतं मला. मुंबईला वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर गिटारी. मी सेल्समनला समजावत होतो, मृदंग, झांजा, चाळ, शाहीर, झील. तो च्युइंगगम चघळत ऐकत होता. मग दुसऱ्या सेल्समनकडे बघून त्यानं डोळा मारला आणि माझ्याच हेलात मला म्हणाला, "गावाला भजान भरूचा हाय काय? मग दोनवाला घ्या ना, स्वस्तातला. आठवाला तुम्हाला कशाला झेपतोय?"

अरे, माझ्या मस्तकात जी तिडीक गेली! काउंटरवरून त्याची कॉलर धरली, वर ओढला. त्याचे पाय उचलले गेले. "आठवालाच दे," म्हटलं. "आत्ता. पॅक कर." वॉचमन धावत आला, मॅनेजर आला, मी पैसे काउंटरवर आपटले. आठवाल्यांतला सगळ्यात स्वस्त त्यांनी काढून दिला. माइकचे किती, हे विचारायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं! रागात कुठे सुचतंय?

घरी आलो. पेटी फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीची, म्हणजे कॉम्प्युटरला आणखी एक कार्ड लागलं. ते बसवलं. पेटीला भोकं आठ, बरोब्बर. पण माइकची जाड पिन जाईल अशी भोकं दोनच. उरलेल्या सहांत कन्व्हर्टर लावून माइक घुसवला, तर आवाज मुंगीचा. मग डोक्यात प्रकाश पडला. माइकचा आवाज मुळात दुबळा असतो, त्याला उचलून धरणारं सर्किट लागतं, आणि ते फक्त पहिल्या दोन भोकांच्या मागे होतं. बाकीची सहा कीबोर्डसारख्या दणकट आवाजांसाठी. मी दुरुस्तीवाला माणूस. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर त्याला मी दुकानातून हाकलला असता. स्वतःच्याच दोन थोबाडीत मारून घेतल्या. खरंच मारून घेतल्या, आईनं बघितलं.

तरी मार्ग होता. मंडपवाल्याकडून दोन जुने ॲम्प्लिफायर आणले. माइक त्यांना लावायचा, तिथून दणकट झालेला आवाज पेटीला द्यायचा. झांजा आणि चाळ त्यावर ठीक आले, कारण मुळात मोठे. पण दुसऱ्या ॲम्प्लिफायरला घुंऽऽ असा आवाज. अर्थिंगच नाही ना! घर कातळावर, वैशाखाचे दिवस, जमीन कोरडीठाक. अर्थिंगच्या खड्ड्यात मी चार कळश्या पाणी ओतलं, मीठ ओतलं. घुं थोडं बसलं, गेलं नाही.

पण मला त्याची चिंता नव्हती. चांगली भोकं दोन होती आणि माझं ठरलेलं होतं. एक शाहीर, एक मृदंग. झीलकऱ्यांना त्या घुंवाल्यावर टाकायचं, त्यांच्या रेकण्यात घुं कुणाला कळणार होतं?

चाकरमानी मे महिन्यात आले, मंडळ आमच्या पडवीत बसलं. मी पेटी मध्ये ठेवली. भोकांवर आकडे छापलेले, एक ते आठ. ते आकडे बघितले आणि गावकराची मान ताठ झाली.

"एक नंबर कुणाचा?"

"शाहिराचा," मी म्हणालो.

"बरोबर. तो देवाचं गातो. आणि दोन नंबर?"

"मृदंगाचा."

गावकर बापाकडे बघत राहिला. बापानं खाली बघत सुपारी कातरली आणि म्हणाला, "दोन नंबर गावकराचा."

मी पिसाळलोच. म्हटलं, अरे हे काय पालखीचे खांदे आहेत काय? दोन नंबरला मान नसतो, सर्किट असतं. गावकर उभा राहिला आणि बोट नाचवत म्हणाला, "मंडळ वाडीचं हाय. मान मोडून काय भरायचं असेल तर तुझ्या पडवीत तू एकटा भर. आमची पोरं नाचणार नायत." मी त्याच्या अंगावर गेलो. चौघांनी मला धरलं. बापानं जागेवरून न उठता सुपारीचा अडकित्ता मला फेकून मारला, खांद्याला लागला.

काकानं मिटवलं. "असू दे रे," तो म्हणाला. "मला कुठलंबी भोक दे. तू हायस ना मशीनवर, मग मला काय काळजी?"

आता ऐका. रविवारची सकाळ, दहाला लोडशेडिंगची लाइट जायची होती. मंडळ पडवीत गोल बसलं, पोरं चाळ बांधून उभी. काकाच्या वाट्याला तो घुंवाला ॲम्प्लिफायर आला, त्याची वायर आखूड, म्हणून तो माझ्या टेबलाला लागूनच बसला. बागेतून तसाच आलेला, आकडी सोडून कोयतीसकट मागे ठेवलेली. मी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर प्रत्येकाची एक हिरवी पट्टी, आवाज झाला की वर उडणारी. ही पट्टी सगळ्यांना दिसेल असा पडदा मी कौतुकानं त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. माझ्यासारखा गाढव मीच.

पहिलं गाणं बरं झालं. दुसरंही. पण माझ्या कानात ते घुं एखाद्या गांधीलमाशीसारखं घुसत होतं. म्हणून एक तर मी काकाचा आवाज पेटीवर कमी केला, त्यामुळे त्याची पट्टी तळाला गेली. आणि दुसरं म्हणजे माझ्या हेडफोनमधून त्याचा आवाज बंदच करून टाकला. रेकॉर्ड होत होतं, बरं का. फक्त मला ऐकू येणं बंद.

आणि ह्यांची नजर पट्ट्यांवर! गावकराची पट्टी पार लाल होत होती. झील ओढता ओढता तो शेजारच्याला ढोसत होता, "बघ, शाहिराच्या वर गेली!" काका आपल्या पट्टीकडे बघत होता. बोटभर. त्यानं थाप वाढवली. पट्टी हलेना. अजून जोरात मारली. तिसऱ्या गाण्याला तो मृदंगावर तुटूनच पडला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक उडून माझ्या गालावर बसली. मी इतकी वर्षं त्याला वाजवताना बघितलं, असं मारताना कधीच बघितलं नव्हतं. घामानं निथळत होता, दात आवळलेले. बाप दोन ओळींच्या मध्ये गुरगुरला, "हळू." काका हळू झाला नाही. मग गावकरानं बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि मृदंगाला लाथ घातली. "ए, सगळा माझ्या माइकात भरतोयस!"

मृदंगाला लाथ. आमच्यात मृदंगाची पूजा करून मग हात लावतात. काकानं त्याच पायाला धरून गावकराला फरफटत ओढला आणि त्याच्या छातीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा. बाप माइक टाकून उठला, काकाचे केस धरून मागे खेचला, कानाखाली, पाठीत, पोटात. झीलकरी बापावर पडले. झांजवाला खुळा वाजवतच होता, म्हणून पोरंही नाचतच होती, चाळ छणछण चालूच, आणि मध्ये ही गुरांसारखी मारामारी. माझ्या कानात बापाचा पडलेला माइक धाडधाड आदळत होता.

काका सुटला. सरपटत आपल्या जागेवर आला. ओठ फाटलेला, आणि ओठ हलत होते. त्यानं मागे हात घातला आणि आकडीतून कोयती उपसली. ती माझ्या टेबलावर उगारली.

मला पेटी दिसली आणि कोयतीचं पातं दिसलं, मध्ये दुसरं काही दिसलं नाही. बाजूला माइकचा लोखंडी स्टँड होता, खाली जड ताटली असलेला. तो दोन्ही हातांनी उचलून मी घातला. काकाच्या उजव्या मनगटावर. कट्ट असा आवाज झाला, ओली काटकी मोडल्यासारखा. कोयती खाली पडली. काकानं आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मग बाप माझ्यावर आला. हातात झांज होती, तिच्या कडेनं त्यानं माझी भुवई फोडली. अजून व्रण आहे. "माझ्या भावावर हात टाकलास? माझ्या भावावर?" मी रक्त पुसत ओरडलो, "तू जन्मभर काय केलंस मग?" त्यावर त्यानं आणखी मारलं. मी खाली पडल्यावरही मारलं. मारता मारता तो रडत होता, हे मला आईनं नंतर सांगितलं. मी बघितलं नाही, डोळ्यांत रक्त होतं. दहाला लाइट गेली आणि मशीन बंद पडलं.

सिव्हिलमध्ये काकानं सांगितलं, कलमावरून पडलो. डॉक्टरनं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा तेच सांगितलं. हाड जुळलं, पण वाकडं. उजव्या हाताची दोन बोटं मिटेनात. त्या गणपतीत मंडळ निघालं नाही. बागेची राखणही सुटली. कोयती ज्याला धरता येत नाही तो बागेत काय करणार?

आणि मी? खरं सांगतो, मला पश्चात्ताप नव्हता. वाईट वाटत होतं, पण चुकलं असं वाटत नव्हतं. वाडी माझ्या बाजूनं होती. "पुतण्यावर कोयती उगारली म्हणजे काय!" गावकर सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि मीही सांगायचो. दुकानात सांगितलं, कीबोर्डवाल्याला सांगितलं. मी मारलं नसतं तर त्यानं मशीनचे दोन तुकडे केले असते. काय पण माझी ऐट! दोन महिने हीच टकळी. भिंतीपलीकडून काकूनं ते सगळं ऐकलं असणार. तिनं भांडण केलं नाही. फक्त आमच्याकडे येणं बंद केलं.

श्रावणात गावकराचा निरोप आला. झालेली दोन गाणी तरी साफ करून दे, सीडी वाटू. मी मशीन चालू केलं. दोन गाणी काढली आणि हात आपोआप तिसऱ्याकडे गेला. आठ पट्ट्या समोर. बापाची ऐकली, शिव्या आणि धपाटे. गावकराची ऐकली. मग काकाची राहिली. ती बंदच होती, मीच केलेली. चालू केली. घुं. ते घुं मी चाळून चाळून काढलं, मग आवाज जितका वाढवता येईल तितका वाढवला.

आणि मृदंग आला, बाबा! काय सांगू. डावं तोंड पोटात घुमत होतं, उजव्यावरचं एकेक बोट मोजता येत होतं. तो रागात मारत होता तरी एक मात्रा हललेली नव्हती. मी त्याला जो शब्द दिला होता तो पुरा झालेला होता, तिथेच, त्या बंद पट्टीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग लाथ. मग लांबून मारामारी. मग सरपटल्याचा आवाज, अगदी जवळ. धाप. आणि काकाचा आवाज. ओरडून नाही, पडलेल्या माणसाचा असतो तसा.

"माझी तेवढी वायर तोडतो रे बाळा. तुमचं चालू दे."

त्यानंतर कट्ट.

मी ते परत लावलं. परत. परत. पंधरा वेळा लावलं असेल. वायर पेटीतून ओढून काढता येते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला कधी कुणी शिकवलं होतं? त्याला काही सुटं करायचं तर कोयती लागायची, फांदी असो नाहीतर दोर. तो निघून चालला होता. भांडण संपावं म्हणून तो गडी स्वतःला तोडून घेत होता, आणि तसं मला सांगून. मी खुर्चीवरून उठलो आणि भिंतीवर डोकं आपटलं, दोनदा, तीनदा. पलीकडून काकूचा आवाज आला, "काय चाललंय?"

मी पलीकडे गेलो. काका ओटीवर बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. डाव्या हातानं तो घेवडा मोडत होता, जमत नव्हतं. मला बघून त्यानं सरकून जागा दिली. मी बसलो नाही. त्याच्या पायाशी उकिडवा झालो.

"काका," म्हटलं, "त्या दिवशी तू काय बोललास ते मी ऐकलं. मशीनवर. आत्ता ऐकलं."

काकानं शेंग खाली ठेवली. माझ्या फुटक्या भुवईकडे बघितलं.

"आत्ता?" तो म्हणाला. "मी तर तुझ्या कानाशी बसून बोल्लो होतो रे."